आधी पैशाची ओळख, मग खाते: बौद्धिक दिव्यांग तरुणांचे बँक व्यवहार सुरू करताना

सांगली-मिरज भागातल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांसोबत बँकेत जायची वेळ माझ्यावर वारंवार येते. बहुतेक घरांत क्रम उलटा झालेला दिसतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा म्हणून घाईघाईने खाते उघडतात. पासबुक आईच्या कपाटात जाते, एटीएम कार्ड भावाच्या पाकिटात. ज्याच्या नावाचे खाते, तो मात्र बँकेत एकदाच गेलेला असतो, फोटो आणि अंगठ्यापुरता. काही वर्षांनी वडील जातात किंवा बँक पुन्हा केवायसी मागते, तेव्हा सगळ्या घराची पळापळ होते, आणि पैशाची काहीच सवय नसलेला माणूस एकदम काउंटरसमोर उभा राहतो.

खालचे टप्पे ज्यांना बोलता येते, रोजची लहान कामे जमतात अशा तरुण मुला-मुलींसाठी आहेत. ज्यांना व्यवहाराचा अर्थ कोणत्याही प्रकारे पोहोचत नाही, त्यांच्या पालकांनी कागदपत्रांचा टप्पा ३ आणि पालकत्वाचा टप्पा ६ आधी वाचावा. बाकीच्यांनी क्रम मोडू नये.

## सुरुवातीची तयारी: आठवडाभर फक्त बघा

पहिल्या आठवड्यात काहीही शिकवू नका. एक वही घ्या आणि रोज दिसेल ते लिहा. त्याला कोणत्या नोटा ओळखता येतात? दुकानात पैसे कोण देते, तो की तुम्ही? उरलेले पैसे परत घेण्यासाठी तो थांबतो का? कुणी काही मागितले तर "नाही" म्हणतो का? स्वतःचे नाव लिहितो का, आणि दोन वेळा लिहिले तर सारखे येते का?

शेवटचे दोन प्रश्न पालक सोडून देतात. पण खरी अडचण तिथेच येते. नोटा न ओळखणाऱ्याला नोटा शिकवता येतात. आयुष्यभर "ऐक, गप्प बस, दे त्याला" एवढेच ऐकलेल्या मुलाला नकार द्यायला शिकवायला फार वेळ लागतो. म्हणून त्याची सुरुवात पैशापासून लांब करा. भाजी कोणती करायची, शर्ट कोणता घालायचा हे रोज विचारा आणि त्याने दिलेले उत्तर पाळा. ज्याच्या "नको"ला घरात किंमत नाही, तो बाहेरच्या माणसाला "नको" म्हणणार नाही.

## टप्पा १: खऱ्या नोटा, एकच दुकान

खेळण्यातल्या नोटा वापरू नका. त्यांचा आकार, रंग आणि हाताला लागणारा पोत वेगळा असतो, आणि शिकलेले सगळे दुकानात पोहोचताच विसरले जाते.

१. फक्त दहाच्या नोटांनी सुरू करा. दहाची पाच-सहा नोटांची गड्डी त्याच्या स्वतःच्या पाकिटात ठेवा. पाकीट त्याने निवडलेले असावे.

२. घराजवळचे एकच दुकान आणि एकच वस्तू ठरवा. दूध पिशवी, बिस्किटाचा पुडा, काहीही चालेल. दुकानदार काका किंवा मावशींना आधी जाऊन सांगा: "हा पैसे स्वतः देणार आहे, घाई करू नका, आणि माझ्याकडे बघू नका, त्याच्याशीच बोला."

३. किंमत ऐकून द्यायच्या नोटा ठरवायची सोपी रीत शिकवा. दुकानदार "चौतीस" म्हणाला तर तीन दहाच्या नोटा, आणि वर एक. "सत्तेचाळीस" म्हणाला तर चार, आणि वर एक. वजाबाकी लागत नाही, सुट्टे मोजावे लागत नाहीत, आणि पैसे कधी कमी पडत नाहीत. किंमत बरोबर तीस असेल आणि त्याने चार नोटा दिल्या, तरी बिघडत नाही, एक परत मिळते. त्याला फक्त परत मिळेपर्यंत थांबायची सवय लावा.

४. हे सहज जमू लागल्यावर वीसची नोट आणा, मग पन्नास, मग शंभर. दोनशे आणि पाचशे शेवटी.

नव्या मालिकेतल्या वीसच्या आणि दोनशेच्या नोटेत हमखास घोळ होतो. वीसची हिरवट पिवळी, दोनशेची गडद पिवळी. घाईत किंवा कमी उजेडात दोन्ही पिवळ्याच दिसतात. रंगावर विसंबू नका. दोनशेची नोट लांब आहे, १४६ मिलिमीटर, वीसची १२९. दोन्ही एकावर एक ठेवून कड बाहेर आलेली बोटाने तपासायला शिकवा. मागच्या चित्रावरूनही ओळखता येते: दोनशेवर सांचीचा स्तूप आहे, वीसवर वेरूळचे लेणे. शंभरची जुनी निळसर आणि नवी जांभळट नोट अजून एकत्र फिरतात, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून "हे दोन्ही शंभरच" हे वेगळे शिकवावे लागते.

एक आणि दोनची नाणी तर डोळस माणसालाही फसवतात. सुरुवातीला नाणी घरी आणून एका डब्यात टाकू द्या. मोजायला नंतर शिकवा.

एसटीचा प्रवासही सरावाला चांगला आहे. साध्या गाडीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत असते, म्हणून तिकिटाची रक्कम लहान असते आणि ठरावीक मार्गावर सहसा तीच राहते. सांगली-मिरज किंवा तासगाव-सांगली असा नेहमीचा एक मार्ग निवडा.

पुढे जाण्याआधी तपासा: तुम्ही दुकानाबाहेर उभे असताना तो एकट्याने वस्तू घेऊन, उरलेले पैसे घेऊन बाहेर येतो का? सलग आठवडाभर जमत असेल तर पुढे चला. एकदा जमले म्हणून पुढे गेलात तर महिन्याभरात परत इथेच यावे लागेल.

## टप्पा २: आठवड्याचा हिशेब

आठवड्याचा एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी ठरलेली रक्कम हातात द्या. शंभर असो की दोनशे, रक्कम तीच, दिवस तोच. तीन पारदर्शक डबे घ्या आणि झाकणावर चित्रे लावा: एक रोजच्या खर्चाचा, एक साठवण्याचा, एक "मोठ्या वस्तूचा". मोठी वस्तू म्हणजे त्याला खरोखर हवी असलेली. हेडफोन, बूट, गणपतीत घ्यायचा नवा शर्ट. त्या वस्तूचा फोटो आणि किंमत डब्यावर चिकटवा.

खर्चाच्या डब्यातले पैसे बुधवारी संपले तर पुढच्या ठरलेल्या दिवसापर्यंत नवे पैसे नाहीत. इथे पालकांचे हृदय विरघळते, आणि आजी गुपचूप पन्नास रुपये देते. आजीला आधीच समजवा. "संपले" हा अनुभव त्याला घरात, लहान रकमेवर यायला हवा. पुढे बँकेत यायला नको. जेवण, औषध आणि कार्यशाळेला (दिव्यांगांच्या कामाच्या केंद्राला) जायचा प्रवासखर्च मात्र यात कधीही धरू नका.

लिहिता येत नसेल तर वहीत वस्तूचे चित्र आणि बाजूला दिलेल्या नोटांची चित्रे काढायची. तीन-चार महिने ही वही चालली की पासबुक समजायला फार सोपे जाते. पासबुक म्हणजे तीच वही, फक्त बँकेने भरलेली.

## टप्पा ३: कागद

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण अर्ध्याहून जास्त फेऱ्या इथल्या चुकांमुळे होतात.

लागणारे कागद: आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, पॅन (नसल्यास त्याऐवजी आयकराचा ठरलेला फॉर्म, तो बँकेत मिळतो), फोटो. यूडीआयडीसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून तपासणीला जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात जावे लागते. सांगलीत ते वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. तपासणीचा वार आधी विचारून घ्या, रोज होत नाही.

सगळ्या कागदांवरचे नाव अक्षर न अक्षर सारखे आहे का ते बघा. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. एकीकडे शाळेच्या दाखल्यावरचे नाव, दुसरीकडे घरातले. हा फरक राहिला तर अनुदान खात्यात न येता अडकते. दुरुस्ती खाते उघडण्याआधी करा.

आधारला कोणाचा मोबाइल जोडला आहे? बरेचदा शेजाऱ्याचा किंवा बंद पडलेला. ओटीपी त्या क्रमांकावर जाणार आहे. त्याच्याकडे स्वतःचा फोन असेल आणि तो सांभाळत असेल तर तोच क्रमांक द्या. नसेल तर रोज घरात असणाऱ्या एकाच माणसाचा द्या. पुण्याला नोकरीला असलेल्या भावाचा देऊ नका.

मग सही. नाव लिहिता येत असेल तर सही लहान आणि सोपी ठेवा, आणि खाते उघडण्याआधी महिनाभर रोज पाच वेळा तीच सही करून घ्या. लांबलचक पूर्ण नावाची सही दर वेळी बदलते आणि स्लिप परत येते. सही जमतच नसेल तर अंगठा चालतो, त्यात कमीपणा नाही. पण अंगठ्याच्या खात्यावर बहुतेक बँका एटीएम कार्ड आणि चेकबुक सहजासहजी देत नाहीत आणि पैसे काढायला स्वतः हजर राहावे लागते, हे आधी माहीत असू द्या.

## टप्पा ४: खाते कोणत्या प्रकारचे?

इथला सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करतो. मूल अठरा वर्षांचे झाले की आई-वडील त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. दिव्यांगत्व कितीही असो, हक्क आपोआप पुढे चालत नाही. लहानपणी पालकाच्या सहीने चालणारे खाते अठराव्या वर्षी थांबते आणि नव्याने कागद व सही द्यावी लागते. मूल सतराचे असतानाच तयारीला लागा.

दुसरा गैरसमज बँकांमध्ये असतो: बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दाखवले की "याला खाते चालवता येणार नाही, पालकत्वाचा आदेश आणा." २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार चालवण्याचा आणि बँकेची कर्जे व इतर पतसुविधा मिळवण्याचा हक्क आहे. १८७२ च्या करार कायद्यातली कसोटीही एवढीच, की करार करताना माणसाला तो समजतो का आणि आपल्या हिताचा आहे की नाही हे ठरवता येते का. प्रमाणपत्रावरचा आकडा त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तुमच्या मुलीला "हे माझे पैसे, इथे ठेवले, हवे तेव्हा मिळतात, दुसऱ्याला द्यायचे नाहीत" हे समजत असेल, तर साध्या बचत खात्यासाठी पुष्कळ झाले.

म्हणून कमी बंधनाकडून जास्त बंधनाकडे असा विचार करा.

पहिला पर्याय: एकट्याच्या नावाचे मूलभूत बचत खाते. जनधन खातेही याच प्रकारातले. किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, महिन्याला किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात, कार्डाला पैसे पडत नाहीत. शिकणाऱ्यासाठी हेच योग्य. मात्र हे खाते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

दुसरा पर्याय: पालकासोबत संयुक्त खाते. सोयीचे आहे, पण घरचे पैसे आणि त्याचे पैसे इथे मिसळतात आणि "त्याचे किती" हे कुणालाच सांगता येत नाही. घेतलेच तर फक्त त्याच्या पैशासाठी वापरा. अनुदान शक्यतो त्याच्या एकट्याच्या, आधारशी जोडलेल्या खात्यावर येऊ द्या.

तिसरा पर्याय: कायदेशीर पालकामार्फत चालणारे खाते. टप्पा ६ बघा. खरोखर गरज असेल तरच.

आता पतसंस्थांबद्दल. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था पावलोपावली आहेत आणि पिग्मी एजंट दादा रोज दारात येतात. रोज दहा-वीस रुपये देऊन पावती घ्यायची सवय फार चांगली आहे, मी ती आवर्जून सुचवतो. पण पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. ते बँकांना आहे, सहकारी बँकांनाही, प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत. पिग्मीत लहान रक्कम साठवा आणि मुदत संपली की बँकेत आणा. आई-वडिलांच्या पश्चात त्याला पुरावी म्हणून ठेवलेली रक्कम जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत ठेवू नका.

## टप्पा ५: बँकेत

शाखा चालत जाता येईल अशी निवडा. एसी, सोफा आणि टोकन मशीन असलेली मोठी शाखा शिकणाऱ्याला अवघड जाते. गर्दी, आवाज आणि सतत बदलणारे चेहरे टाळलेले बरे.

१. पहिल्या फेरीत काम काहीच नाही. पेन्शनची गर्दी असते ते महिन्याचे पहिले आठ-दहा दिवस सोडा. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा. बसा, बघा, पाणी प्या, परत या.

२. घरी नाटक करा. आई खिडकीत, मुलगा बाहेर. आईने त्याला "बाळा" म्हणू नये. तो सव्वीस वर्षांचा आहे, खिडकीपलीकडचा माणूस "तुम्ही" म्हणणार, ते कानाला सवयीचे व्हायला हवे.

"बोला दादा, काय काम आहे?"

"पाचशे रुपये काढायचेत."

"कशा नोटा देऊ?"

"शंभरच्या द्या."

"घ्या. मोजून बघा."

"थांबा. एक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर."

"मोजून बघा" नंतर तो तिथेच उभा राहून मोजतो का, यावर सगळा सराव खर्च करा. मागे रांग असली की पालकच "चल, घरी मोजू" म्हणतात. ते कधीही म्हणू नका.

३. व्यवस्थापकांना आधी एकट्याने भेटा आणि एक साधे पत्र द्या: मुलाचे नाव, त्याला काय जमते, काय जमत नाही, त्याच्याशी कसे बोलावे. "सावकाश बोला, एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या" एवढ्या तीन ओळी फार उपयोगी पडतात.

४. खाते उघडण्याच्या दिवशी तो समोरच्या खुर्चीत, तुम्ही बाजूला किंवा मागे. अधिकारी तुमच्याकडे बघून विचारतील, "याचं नाव काय?" तुम्ही उत्तर देऊ नका. त्याच्याकडे बघा. तो सांगेल.

५. लेखी मागून घ्या: रोजची एटीएम मर्यादा कमी ठेवणे, प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस, इंटरनेट बँकिंग बंद, क्रेडिट कार्ड आणि ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसताना उचल) नको. वारस नोंद त्याच दिवशी करा. नोव्हेंबर २०२५ पासून चार वारसांपर्यंत नावे देता येतात.

६. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा. पण हे २० रुपये मे महिन्याच्या शेवटी आपोआप कापले जातात. त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर पासबुक बघून "माझे पैसे कुणीतरी घेतले" म्हणून तो अस्वस्थ होतो, आणि त्याचे अस्वस्थ होणे बरोबरच आहे.

नकार मिळाला तर: भांडू नका, "कारण लेखी द्या" म्हणा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे केवायसीचा अर्ज विचार न करता फेटाळता येत नाही, कारण नोंदवावे लागते. त्यानंतर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शिवाय प्रत्येक जिल्ह्याला अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी) असते, सांगलीला बँक ऑफ इंडिया, साताऱ्याला बँक ऑफ महाराष्ट्र. अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकांना भेटल्यावर लेखी तक्रारीची गरजच पडत नाही, असे अनेकदा होते.

हालचाल फार अवघड असेल तर घरपोच सेवेबद्दल विचारा. दिव्यांग खातेदारांना पैसे काढणे-भरणे यांसारख्या मूलभूत सेवा घरी द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे.

तपासा: खाते उघडल्यानंतरचे पहिले काही महिने तो महिन्यातून एकदा स्वतः जाऊन ठरलेली रक्कम काढतो का? पासबुक स्वतः भरून आणतो का? कार्ड त्यानंतर.

## टप्पा ६: कायदेशीर पालकत्व, गरज असेल तर

बरेच पालक हे पहिल्याच दिवशी मागतात. मी थांबायला सांगतो, कारण पालक नेमला की निर्णयाचा हक्क बऱ्याच अंशी दिव्यांग व्यक्तीच्या हातून जातो. गरज कधी असते? माणसाला व्यवहाराचा अर्थ कोणत्याही प्रकारे पोहोचत नसेल, त्याच्या नावे जमीन किंवा मोठी ठेव असेल आणि सह्या लागणार असतील, किंवा वारसाहक्काने आलेला पैसा सांभाळायचा असेल तेव्हा.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली हे काम जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती करते. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. सांगलीत विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. हा कायदा फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांना लागू आहे. केवळ मानसिक आजार असेल तर हा मार्ग चालत नाही.

१. वय अठरा पूर्ण झाल्यावर नमुना 'अ' मध्ये अर्ज. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते.

२. सोबत दिव्यांगत्वाचा आणि वयाचा पुरावा, पत्त्याचे पुरावे, होणाऱ्या पालकाची संमती. भावंडांचे ना-हरकत पत्र सहसा मागतात. ते आधीच घ्या. जमिनीचा विषय निघाल्यावर मागितले तर मिळत नाही.

३. समितीसमोर दिव्यांग व्यक्तीला सोबत न्या आणि कशासाठी चाललो आहोत ते त्याला समजेल तसे सांगा.

४. आदेश मिळाल्यावर बँकेत द्या. या समितीचे पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे आणि शाखांनी पालकांना नीट मार्गदर्शन करावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच कळवले आहे. "कोर्टाचाच आदेश आणा" असे कुणी म्हटले तर हे सांगा.

सावधान: आदेश मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. नेमणुकीपासून ६ महिन्यांच्या आत दिव्यांग व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत, म्हणजे ३० जूनच्या आत, हिशेब. हे बहुतेक जण करतच नाहीत. पुढे घरात वाद झाला की प्रामाणिक पालकही अडचणीत येतो, कारण दाखवायला कागद नसतो. पैशाचा गैरवापर किंवा हेळसांड झाली तर समिती पालकाला काढू शकते.

पालकत्व मिळाले तरी त्याला बँकेत न्यायचे थांबवू नका.

## टप्पा ७: कार्ड आणि फोन

एटीएम कार्डाची अडचण पिनच्याही आधी येते ती नोटांची. मशीनमधून बरेचदा पाचशेच्याच नोटा येतात, आणि पाचशेचा सराव तर सगळ्यांत कमी झालेला असतो. शंभर-दोनशेच्या नोटा देणारे मशीन शोधा आणि तेच कायम वापरा. मशीनच्या पडद्यांचे क्रमाने फोटो काढून घरी सराव करून घ्या. पिन त्याने निवडलेला असावा, पण जन्मसाल नको. कार्डाच्या कव्हरवर पिन लिहिणारी घरे मी बरीच पाहिली आहेत. तसे करण्यापेक्षा कार्ड न घेतलेले बरे.

यूपीआय सगळ्यात शेवटी. पैसे हातातून जाताना दिसत नाहीत, म्हणून डब्यांची शिकवण इथे पुसली जाते. त्याआधीच फोनवरून पैसे देऊ द्यायचे असतील तर यूपीआय सर्कल ही सोय बघा. यात खाते पालकाचे राहते आणि मुलगा स्वतःच्या फोनवरून पैसे देतो. प्रत्येक वेळी तुम्ही मंजुरी द्यायची, किंवा महिन्याची मर्यादा ठरवून मोकळीक द्यायची, असे दोन प्रकार आहेत. सुरुवात मंजुरीच्या प्रकाराने करा. एक नियम रोज म्हणून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात.

## टप्पा ८: फसवणूक, आणि ती बहुधा ओळखीच्यांकडून

पालक अनोळखी फोनची भीती बाळगतात. तो धोका आहेच. पण आमच्या भागात जे दिसते ते वेगळे. चौकातला मित्र म्हणतो, "तुझं खातं वापरायला दे की, माझं पैशे येणार हायत, तुला दोनशे देतो." दुसऱ्याच्या फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. दुसरा प्रकार जामीनदाराचा: चुलत्यांचे कर्ज आणि "एवढी एक सही कर रे." तिसरा, त्याच्या आधारवर सिमकार्ड घेणे.

यावर लांब भाषण उपयोगी पडत नाही. एकच वाक्य पाठ करून घ्या: "घरी इचारून सांगतो." कुणीही काहीही मागितले, सही, अंगठा, ओटीपी, कार्ड, फोन, की हेच वाक्य. मग काका, मामा, शेजारी यांना सांगून अधूनमधून खरोखर मागायला लावा आणि त्याने हे वाक्य म्हटले की घरात सगळ्यांसमोर त्याचे कौतुक करा. पहिल्यांदा तो काकांना सही देऊन टाकेल. रागावू नका, परत सराव घ्या. रागावलात तर पुढच्या वेळी तो सही देईल आणि तुम्हाला सांगणार नाही.

पैसे गेलेच तर तासभरही न थांबता १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. ओटीपी चुकून दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी खातेदारावर राहत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

## टप्पा ९: दर वर्षी करायचे

एक महिना ठरवून घ्या. त्या महिन्यात केवायसी चालू आहे का, अनुदान योग्य खात्यात येते का, निराधार योजनेचा हयातीचा दाखला दिला का, विमा कापला का, वारसाचे नाव तेच ठेवायचे का, हे बघा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचे, वर्षाला १ लाखापर्यंतच्या, नूतनीकरणही त्याच वेळी करा. पालक सरकारी निवृत्तिवेतनधारक असतील तर दिव्यांग मुलाचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आपल्या हयातीतच नोंदवून घ्यावे.

आणि दुसरा माणूस तयार करा. बहीण, मावशी, चुलतभाऊ, कार्यशाळेतल्या ताई, कुणीही, पण बँकेतल्या लोकांनी त्या माणसाला त्याच्यासोबत पाहिलेले असावे. वर्षातून दोन-तीन फेऱ्या तुम्ही घरी थांबून या दुसऱ्या माणसासोबत होऊ द्या. एका पाकिटात आधार, यूडीआयडी, पासबुकची पहिली पाने, विम्याचे कागद यांच्या प्रती आणि "त्याच्याशी कसे बोलावे" ते पत्र ठेवा. पिन त्यात ठेवू नका. पाकीट कुठे आहे ते त्यालाही ठाऊक असू द्या, कागद त्याचेच आहेत.